पट्टे कापून टाका

सकाळी नऊ वाजता कंपनीनं लहान मुलांच्या गाडीतल्या सीट परत मागवल्या. सव्वानऊला ती काम करायची त्या मदत कक्षातले सगळे फोन एकदम वाजायला लागले.

दोष बकलात होता. ते टक् करून बसायचं, आईबाप निर्धास्त व्हायचे, आणि ब्रेकच्या एका हिसक्यात ते सुटायचं.

लोकांचे फोन घेण्याआधी तिनं घरी फोन लावला. तिच्या तीन वर्षांच्या लेकीची सीट त्याच कंपनीची होती.

"आपली सीट आत्ताच्या आत्ता काढ," ती नवऱ्याला म्हणाली. "पट्टे काप आणि टाकून दे."

"अगं, चांगली धडधाकट आहे ती."

"दिसतेच धडधाकट. काप म्हटलं ना!"

"बरं बाई. मग संध्याकाळी तुला घ्यायला येताना पोरीला काय मांडीवर बसवू?"

"खबरदार! सीट नसेल तर गाडी काढायची नाही. मी येईन बसनं."

मग ती कामाला लागली. सीट वापरू नका. पट्टे कात्रीनं कापा. कापल्याचा फोटो पाठवा. नवी सीट आठवड्यात घरपोच येईल. हेच बोलून बोलून दुपारपर्यंत तिच्या घशाला कोरड पडली.

"आठवडाभर पोराला डिकीत घालू का?" एक बाप खेकसला.

"पट्टे कापायचे, मग सीटचं करू काय? लोणचं?" दुसऱ्यानं विचारलं.

"नवरेही परत घेता का हो?" एक बाई म्हणाली. "आमच्या ह्यांचंही बकल सैल झालंय."

त्या एका फोनला ती मनापासून हसली. बाकीच्यांना नुसतं "हो साहेब" आणि "बरोबर आहे तुमचं".

जेवणानंतर एका आजींचा फोन आला. नातवाची सीट होती.

"कापवत नाही हो हातानं. नवी कोरी आहे. खाली ठेवून देते, गरजू कुणीतरी घेऊन जाईल."

"तसं नका करू आजी. घेऊन जाईल ना कुणीतरी!"

"मग, म्हणून तर ठेवतेय."

समोरचा माणूस कात्री घेऊन येईपर्यंत फोन सोडायचा नाही, असा नियम होता. पण रांगेत माणसं ताटकळत होती, आणि सकाळपासून तिनं खुर्ची सोडली नव्हती.

"बघा, जमलं तर कापा," असं म्हणून तिनं पुढचा फोन घेतला.

चारच्या सुमारास नवऱ्याचा फोन आला. "कापले गं पट्टे, झालं समाधान? फोटो पाठवलाय, साहेबांना दाखव हवा तर."

तिनं फोटो पाहिला. पट्टे मधोमध कापलेले होते. दिवसभरात निदान एक काम तडीस गेलं, असं तिला वाटलं. तिनं डोळे मिटले. लगेच पुढचा फोन वाजला.

सहाला तिनं कानांवरचा हेडफोन काढला. कान लाल झाले होते. पर्स उचलता उचलता तिनं मोबाइल पाहिला. नवऱ्यानं मघाशीच बोलून पाठवलेला निरोप ऐकायचा राहिला होता. तो तिनं कानाला लावला.

"बसच्या रांगेत उभी राहू नकोस, आम्ही निघालोय. सीट मिळाली, तीही फुकटात! खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी कुणीतरी ठेवली होती, अगदी नवी कोरी. आणि ओरडू नकोस, मी नीट पाहून घेतलंय. पट्टे शाबूत आहेत. खराब असती तर कापले असते ना त्यांनी?"

मागून लेक ओरडत होती, "आई, आम्ही येतोय!"

तिनं फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला.

गाडी चालवताना तो कुणाचाही फोन घेत नसे.