वीस मतांचं एक मत

“सर, सुपरडेलिगेट म्हणजे शुद्ध चीटिंगच ना?”

सरांना हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती आणि मी तर परवाच शाळेची विद्यार्थिनी-प्रमुख झालेली! घाबरतेय कशाला?

नागरिकशास्त्राचे सर हसले. “ती अमेरिकेतल्या पक्षाची मानाची माणसं. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवताना त्यांच्यावर लोकांच्या कौलाचं बंधन नसतं. आपल्या शाळेच्या निवडणुकीत प्रत्येक शिक्षकाचं एक मत वीस मतांचं धरतात, तसंच काहीसं.”

“मग परवाच्या निकालातली मुलांची आणि शिक्षकांची मतं वेगवेगळी सांगा की!” मी ऐटीत म्हणाले. सर नको नको म्हणत होते, पण मीच हट्टाला पेटले. शेवटी फळ्याकडे तोंड करून ते म्हणाले, “मुलांची मतं हेमांगीला एकशे नव्वद, तुला एकशे दहा. शिक्षकांची सहाच्या सहा तुला.”

निकालाच्या दिवशी मला आनंदाने उचलून घेणारी हेमांगी पुढच्या बाकावरून वळली. “जाऊ दे गं, तू छानच करशील.” माझे कान असे तापले की मला खाली बसायचंही सुचेना.

आई आमच्याच शाळेत गणित शिकवते. घरी गेल्या गेल्या तिला विचारलं, “माझ्यासाठी तू शिक्षकांना सांगितलं होतंस?”

“हो, मीच म्हटलं स्टाफरूममध्ये, माझी पोरगी उभी आहे, बघा जरा. त्यात काय एवढं?”

“पद मिळालंय ना, मिरव की!” बाबा म्हणाले.

“उद्या प्रार्थनेनंतर मी माइकवरून सगळ्यांना खरे आकडे सांगणार आणि पद हेमांगीला देणार,” मी म्हणाले. “आई, तू समोरच उभी असशील, माहितेय मला. तरीही सांगणार.”