यकृताचा खण

"ताई, तुमच्या माहेरगावी पित्तनलिकेचा कॅन्सर तीस वर्षांत तिपटीनं वाढलाय. पंचायत विहीर बुजवायला निघालीय," कॅन्सर नोंदणी कार्यालयातले तरुण डॉक्टर म्हणाले.

कुमुदताई याच कार्यालयातल्या निवृत्त कारकून. गावातला त्यांचा भाऊ जन्मभर त्याच विहिरीचं पाणी पीत होता. त्यांनी जुन्या कार्डांचा यकृताचा खण ओढला.

"पित्तनलिकेचा खण पलीकडे आहे," डॉक्टर म्हणाले.

"बसा हो. हा खण मीच भरलाय." कार्डावर त्यांचंच अक्षर होतं. "गाठ पित्तनलिकेची, पण यकृताच्या आत असली, की तेव्हा यकृतातच मोजायची पद्धत होती."

दुपारपर्यंत दोघांनी तसली कार्डं वेगळी केली. ती धरून पित्तनलिकेचा तीस वर्षांपूर्वीचा आकडा आजच्याइतकाच निघाला.

ताईंनी भावाला फोन लावला. "विहिरीचा दोष नाही रे! खुशाल पी."

"सकाळीच प्यायलो, अक्का. पंचायतीचं ऐकलं असतं, तर तहानेनंच गेलो असतो!"

ताई डोळे पुसत हसल्या.