माफीचा तास

“बोला बाई, मन मोकळं करा,” मुख्याध्यापक माइकवरून म्हणाले, आणि गणिताच्या बाईंच्या कपाळावरची शीर उठली.

शिक्षकांच्या मनःस्वास्थ्याचं शिबिर होतं. दोन खुर्च्या समोरासमोर. एकाचे आभार मानायचे, एकाला माफ करायचं, मग टाळ्या. चित्रकलेच्या सरांनी सासूला माफ करून टाकलं. सासू हजर नव्हती, त्यामुळे सोपं गेलं. इंग्रजीच्या बाईंनी आभार मानले ते मुख्याध्यापकांचे. त्यांच्या बढतीचं अजून ठरायचं होतं.

गणिताच्या बाईंसाठी मात्र खास बेत होता. समोरच्या खुर्चीत एका विद्यार्थ्याचा बाप आणून बसवला होता. बसचालक. पोराला परीक्षेला बसू दिलं नाही म्हणून गेल्या वर्षी यानेच भरवर्गात बाईंच्या थोबाडीत मारली होती. तेव्हापासून बाई शाळेत कामापुरतंच बोलत. त्या चपराकीचा राग अजून उतरलेला नाही, असं मुख्याध्यापकांचं निदान होतं.

“राग धरून तब्येत बिघडते, बाई. नुसतं ‘माफ केलं’ म्हणा, की सुटलात.”

फोटो काढायला क्लार्क पुढे सरसावला. बाईंचे कान तापले. मार खायचा त्यांनी, आणि मन मोठं करायचं तेही त्यांनीच! बसचालकाची मान काही वर होत नव्हती.

“यांना?” बाई म्हणाल्या. “यांना केव्हाच माफ केलंय. दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन घरी आले होते. दारात बसून लहान मुलासारखे रडले. मी चहा दिला, आभारही मानले.”

“आभार!” मुख्याध्यापकांना भरून आलं. “बघा मंडळी, याला म्हणतात शिक्षक!”

टाळ्या सुरू झाल्या. बाईंनी त्या थांबायची वाट पाहिली नाही.

“आभार एवढ्यासाठी, की यांच्याकडूनच मला कळलं, यांना माझ्या वर्गात कुणी धाडलं ते. शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून पोराला तुम्ही अडवलंत. मी नको नको म्हणत असताना. आणि हे जाब विचारायला आले, तर ‘गणिताच्या बाईंनी अडवलंय, वर्गात जाऊन विचारा’ म्हणून यांना वर पाठवलंत. तेही तुम्हीच.”

मुख्याध्यापक माइकचं बटण चाचपू लागले.

“तुम्हाला मी माफ केलेलं नाही, सर. आणि माझी तब्येत ठणठणीत आहे.”