आळशोबा

डॉक्टरबाईंसमोरच बाळ चार घोट प्यायलं आणि डोळे मिटून पडलं. वृषालीने सवयीने त्याच्या तळव्याला टिचकी मारली. दचकून ते पुन्हा प्यायला लागलं.

"असंच करावं लागतं, मॅडम," शेजारी बसलेला नवरा हसत म्हणाला. "तिसरा महिना लागला, पण अंग धरत नाही. प्यायचाच कंटाळा. घरी सगळे आळशोबा म्हणतात त्याला."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "पिताना घाम येतो का?"

"येतो ना! टोपरं भिजून जातं. आधी लोकरीचं घालायचो, मग मी मलमलीची शिवली." वृषालीने पिशवीतून धुतलेल्या टोपऱ्यांची चळत काढून दाखवली.

"आत्ता टोपरं काढून पाजा बरं."

डोक्यावर पंखा गरगरत होता. तरी दोन-चार घोटांतच बाळाच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. श्वास भराभर चालू लागला. डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप छातीला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या.

"हृदयात काहीतरी दोष वाटतोय. तपासण्या करू, त्यावर इलाज असतात. पण हा आळशी नाही हो. दूध पितानाच याला धाप लागते. दमतो, म्हणून झोपतो."

नवऱ्याची मान खाली गेली.

बाळाने पुन्हा डोळे मिटले. वृषालीचं बोट तळव्याकडे गेलं आणि तिथेच थबकलं. तळव्यावर लालसर डाग पडला होता. तिने तो इवलासा पाय मुठीत झाकून घेतला.

"झोप, राजा," ती म्हणाली. "झोप आता."