बुंधा वर

"खलास, कादिर! आता स्क्रूच मारतो," फहद म्हणाला आणि त्याने ड्रिल उचललं.

"हात लावून तर बघ!" कादिर सुतार खेकसला. इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यात तीनशे वर्षं एकही खिळा न लागता उभं राहिलेलं लाकडी घर मालकाने सुटं करून अल-खोबरला आणलं होतं, बागेत परत उभारायला. त्यात लोखंड घुसवायचं? मग कसलं आलंय ते घर! पण कादिरचं विमान उद्या सकाळचं. नव्या नियमाने फोरमन सौदीच हवा, म्हणून त्याच्या जागी फहद आलेला. आज पहिला कोपरा बसला नाही तर उद्या ड्रिलच चालणार, हे कादिरला पक्कं ठाऊक होतं.

आणि तो मेला खांब काही केल्या खालच्या तुळईत शिरेना.

कादिरने मालकाकडचा जुना फोटो पुन्हा बघितला. पांढऱ्या भिंती, काळी लाकडं, उतरतं छप्पर. कोपऱ्यातला खांब वर जाड होत गेलेला. नक्षी असेल, असंच तो इतके दिवस धरून चालला होता. रत्नागिरीकडे बुंधा खाली, शेंडा वर. उलटा खांब लावला तर घराची बरकत जाते, हे बापाने त्याला पढवलेलं.

"या अल्ला!" त्याने कपाळावर हात मारला. "फिरव तो खांब. बुंधा वर घे!"

"झाड उलटं?" फहद हसला, पण त्याने क्रेनवाल्याला खूण केली.

खांब फिरला, उतरला आणि खालच्या खाचेत अलगद बसला. मग दोन बाजूंच्या दोन तुळया त्या जाड बुंध्यावर येऊन टेकल्या, आणि दोन्हींना जागा पुरून उरली. बारीक शेंड्यावर एकीचीही धड सोय झाली नसती. कादिर बघतच राहिला.

"काय डोकं असेल रे त्या सुताराचं! पहिल्यांदा असं केलं तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं असेल." त्याचे डोळे भरून आले. त्याने ते लपवलेही नाहीत.

फहदने खांबाला खांदा लावून ढकलून बघितलं. तसूभर हलला नाही. त्याने ड्रिल पेटीत ठेवून दिलं.

"तू जाऊ नकोस," तो म्हणाला.

"तू आलास म्हणून तर चाललोय, बाबा!" कादिर हसला. त्याने लाकडी खुंटी सांध्याच्या भोकात लावली आणि मोगरी फहदच्या हातात दिली. "ठोक. अजून तीन कोपरे राहिलेत."

फहदने मोगरी पार मानेशी धरली. कादिरने त्याचा हात धरून दांड्यावर खाली सरकवला, आणि मग आपला काढून घेतला.