पुरी बुडी

"हात काढ गं रिता," मिल्काआजी काठावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून ओरडल्या. "ही बुडी धरली जायची नाही."

रिताबाई एकोडी गावच्या बोडीत, म्हणजे पावसाने भरणाऱ्या लहान तळ्यात, छातीभर पाण्यात उभी होती. तिचा एक हात अबिगेलच्या मानेखाली होता आणि दुसऱ्याने तिने पोरीचं नाक दाबलं होतं. रिताबाई पास्टरची बायको. नवरा तलावात बाप्तिस्मा द्यायचा, तेव्हा बायामाणसांना धरायचं काम वीस वर्षं तिच्याकडेच होतं, आणि आजवर तिने एकीलाही गटांगळी खाऊ दिली नव्हती. आजही हात आपसूकच तिथे गेले.

"नाही धरू तं का करू, आजी? पोरीले पोहता येत नाही."

"तुझा हात जिथं, तिथं पाणी लागत नाही. नवरीला नखापासून केसापर्यंत पाणी लागलं पाहिजे. मध्ये काही नको. बांगडी नको, अंगठी नको, माणूस नको."

दुपारच्या गाडीने आजी आणि त्यांची नात अबिगेल ठाण्याला निघणार होत्या. उद्या सकाळी गाडीतून उतरायचं ते थेट लग्नालाच. लग्नाआधी यहुदी मुलीने आभाळातून पडून साठलेल्या पाण्यात एक पुरी बुडी घ्यायची, आणि ती नीट झाली की नाही हे त्यांच्यातल्याच एखाद्या बाईने काठावरून पाहून सांगायचं, अशी रीत. जवळपास त्यांच्यातली बाई एकच, मिल्काआजी. आणि त्यांना मोतीबिंदू.

बोडीची मालकीण गोदावरीबाई पाळीवर, मातीच्या बांधावर, काठी घेऊन म्हशी अडवत उभी होती. तिला राहवेना. "घरून आंघोळ करून आली, आन् इथं पुन्हा आंघोळ? कायले वं?"

"मळ घरीच काढून यायचं," आजी म्हणाल्या. "हे त्याच्या पुढचं."

"आमचा बाप्तिस्मा बी असाच तं आहे, आजी," रिताबाई म्हणाली. "फक्त एकच डाव. मंग जन्मभर पुरते."

"असाच असायचा. तुमचा योहान यार्देन नदीत कोणाला बुडवत होता? आमच्याच माणसांना ना? पाणी आमचंच नेलंत तुम्ही. फक्त धरायला एक माणूस जोडलात."

"तेवढं तं बरंच केलं का नाही!" रिताबाई हसली. पण मानेखालचा हात काही निघेना. या पोरीची आई गेली तेव्हा पोर चार वर्षांची होती. शेजारच्या रिताबाईने दहावीपर्यंत रोज सकाळी तिच्या वेण्या घातल्या होत्या. केस असे दाट आणि कुरळे, की कंगवे मोडायचे. शेवटी तिने मन घट्ट करून हात काढला.

अबिगेलने डोळे मिटले. पाणी आत खेळावं म्हणून घातलेला सैल गाऊन पाण्यावर फुगला. ती खाली गेली आणि गेली तशीच उसळून वर आली. दातावर दात वाजत होते.

"झालं? मावशी, झालं ना?"

आजींनी रिताबाईच्या दिशेने तोंड केलं. "मला डोकं दिसतं, केस दिसत नाहीत. सगळे गेले का आत? तू म्हणशील ते मी मानीन."

ओंजळभर केस वर तरंगत राहिले होते. हो म्हटलं असतं तर पोर सुटली असती, अंग पुसून गरम चहा प्यायली असती. कळणार कोणाला होतं? बोडीतल्या बेडकांना कळलं असतं, पण त्यांना विचारतो कोण! तरी रिताबाईची जीभ रेटेना. म्हातारीने विश्वासाने आपले डोळेच तिच्या हवाली केले होते.

"नाही, आजी. वरच होते."

अबिगेलचा चेहरा उतरला. आजी मूळच्या कोकणातल्या, त्यांच्याशी ती तसंच बोलायची, पण रिताबाईशी बोलताना तिला रिताबाईचीच बोली यायची. "मावशी, मले भेव लागून राहिला. धर ना वं थोडंसंच."

"नाही धरत," रिताबाई म्हणाली. "गुडघे वाकव. आईच्या पोटात होती ना, तशी बस. आन् वर यायची घाई करू नको."

एवढं सांगून ती मागे सरली. एक पाऊल, दोन, तीन. दोन्ही हात तिने पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले. तिचा त्यांच्यावर काडीचा भरवसा नव्हता.

अबिगेल आजींनी शिकवलेली प्रार्थना पुटपुटली आणि हळूहळू खाली बसत गेली. पाणी गळ्याला लागलं, हनुवटीला लागलं, कपाळावरून गेलं. केस थोडा वेळ वर पसरून राहिले आणि मग तेही तिच्या मागोमाग गेले.

"रिता?" आजींनी विचारलं.

रिताबाई डोळे फाडून पाणी धुंडाळत होती.

"अगं, केस दिसताहेत का?"

"कायीच दिसून नाही राहिलं, आजी!" रिताबाई रडकुंडीला येऊन ओरडली. "पोरगीच दिसून नाही राहिली!"

मिल्काआजी खुर्चीत सावकाश मागे टेकल्या.

"मग झाली बुडी," त्या म्हणाल्या. "अशीच होते ती."