मंगळवारची फरशी

मार्व्हाने बादलीतलं पाणी तिसऱ्यांदा बदललं आणि विमानतळावरच्या ट्रेच्या टेबलापासून सुरक्षा तपासणीच्या कमानीपर्यंतची फरशी पुन्हा एकदा पुसून काढली. सकाळचे साडेसात झाले होते. रांग अजून लागायची होती.

"सफाईचा पगार दुसरे घेतात आणि फरशी तू पुसतेस," तिच्या जोडीचा तपासनीस ग्लेन म्हणाला.

"नोव्हाचेकांचा मंगळवार आहे," ती म्हणाली.

ग्लेन ट्रे रचायला लागला.

नेब्रास्कातल्या त्या लहानशा विमानतळावरून व्हर्जिल नोव्हाचेक आणि त्याची मुलगी ट्रूडी एक आठवडा सोडून दर मंगळवारी मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलला जायची. मार्व्हाने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते जानेवारीत. बाहेर गुडघाभर बर्फ होता. लोकांच्या बुटांना लागून आलेला बर्फ वितळून आत काळं, खारट पाणी साचलं होतं. व्हर्जिल रांग अडवून उभा होता. मागे सव्वीस वर्षांची ट्रूडी, तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल.

"बूट काढेल ती," व्हर्जिल म्हणाला. "फक्त मोज्यांवर या कागदी पिशव्या घालू द्या. तिच्या रक्तात रोगाशी लढायला काही उरलेलं नाही, बाई. मी एकतीस वर्षं शाळेच्या फरश्या पुसल्यात. इथे काय पडलंय ते मला दिसतंय."

"पायात दुसरं काही चालणार नाही," मार्व्हा म्हणाली. नोकरीला लागून तिला तीनच आठवडे झाले होते. मागे चाळीस माणसं खोळंबली होती.

"डॅड, पुरे," ट्रूडी म्हणाली. "तुम्ही फरशीला मार्क देत बसलात तर विमान जाईल." आणि ती मोज्यांनिशीच चालत गेली. पलीकडे पोचेपर्यंत मोजे भिजून काळे झाले होते.

त्यानंतर दोन खेपा त्यांच्या चुकल्या. पुन्हा आली तेव्हा ट्रूडी चाकाच्या खुर्चीत होती. तापाने एकोणीस दिवस हॉस्पिटलात काढून आली होती.

"डॉक्टर म्हणतात, जंतू कुठूनही आला असेल," व्हर्जिल म्हणाला. "मी तुमच्यावर आळ घेत नाही. एवढंच विचारतो, ही फरशी तुम्ही कुठल्या पाण्याने पुसता?"

 काम संपल्यावर मार्व्हाने जाऊन बादली पाहिली. सबंध दिवस तेच पाणी. डबक्यासारखं झालेलं.

तेव्हापासून त्या मंगळवारी ती अर्धा तास आधी यायची. कागदी पिशव्यांची परवानगी तिने साहेबांकडून लेखी आणली. ट्रूडीसाठी वेगळा ट्रे धुऊन ठेवायला लागली. कुणाला कारण सांगितलं नाही. माफी मागायची मात्र राहूनच गेली होती. दर वेळी शब्द ओठांवर यायचे आणि मागे रांग असायची.

आज जूनमधलं लख्ख ऊन काचेतून आत आलं होतं. आठच्या सुमाराला दोघं आली. ट्रूडीच्या तोंडाला मास्क नव्हता. डोक्यावर बारीक केस उगवू लागले होते. हातात कागदाचा पुडा होता, त्यातून ती स्ट्रॉबेऱ्या खात होती. देठांना माती तशीच होती.

"न धुता?" मार्व्हाच्या तोंडून निघून गेलं.

"रस्त्याकडेच्या गाडीवरून घेतल्या. पाच महिन्यांत कच्चं फळ तोंडात घालू दिलं नव्हतं यांनी." तिने पुडा पुढे केला. "घ्या."

मार्व्हाने एक उचलली. ट्रूडीने सपाता काढून ट्रेमध्ये टाकल्या आणि अनवाणीच उभी राहिली. मार्व्हाने सवयीने व्हर्जिलच्या खिशाकडे पाहिलं. त्याने पिशव्या काढल्या नाहीत. तो मुलीच्या पायांकडे बघत उभा होता.

"गार आहे फरशी," ट्रूडी म्हणाली. "छान वाटतं." मग आवाज उतरवून म्हणाली, "तुम्हीच पुसता ना? तुम्ही पुसायला लागलात त्या पहिल्याच खेपेला डॅडनी ओळखलं. म्हणाले, कोपऱ्यातसुद्धा पाणी राहिलेलं नाही, हे रोजच्या माणसाचं काम नाही."

मार्व्हाचा चेहरा तापला. "आज हॉस्पिटलला ना?"

"अंहं. ओरेगनला. समुद्र बघायचाय. सव्वीस वर्षांत मक्याची शेतं आणि हॉस्पिटल सोडून काही बघितलं नाही मी."

"आणि औषधं?"

"गेल्या आठवड्यापासून बंद. एक गोळी नाही की एक सुई नाही," म्हणत ट्रूडी कमानीतून पलीकडे गेली.

मार्व्हाच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. ग्लेनकडे बघून ती हसली. हात वर करून त्यानेही दाद दिली. रांगेत आता कुणीच नव्हतं. पलीकडच्या बाकावर व्हर्जिल बुटांच्या नाड्या बांधत होता. मार्व्हा त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"जानेवारीतल्या त्या दिवसाबद्दल," ती म्हणाली, "मला माफ करा. केव्हापासून म्हणायचं होतं."

"तुम्ही नवीन होतात," व्हर्जिल म्हणाला. "आणि नंतर जे केलंत, ते कोण करतं?"

समोर ट्रूडी काचेला कपाळ लावून विमान बघत उभी होती. पाय अजून उघडेच. सपाता तिने हातात धरल्या होत्या.

"एवढे कडक होतात तुम्ही," मार्व्हा म्हणाली, "आणि आज तिला अनवाणी हिंडू देताय. डॉक्टरांनी सूट दिलेली दिसते."

व्हर्जिलने एका बुटाची नाडी बांधली. दुसरी तशीच सोडून दिली.

"हो," तो म्हणाला. "म्हणाले, आता तिला कशालाच नाही म्हणू नका."